परत येणाऱ्याला दारातच हिशेब विचारायचा का? (बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आणि एकूण ज्यू समाज)

अष्टागर (धागाकर्ता)

शालोम मंडळी,

दुरावलेलं माणूस बऱ्याच वर्षांनी सिनेगॉगची, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाची, पायरी चढतं, तेव्हा त्याच्या कानावर पहिलं काय पडतं? मी पाहिलंय त्यात बहुतेक वेळा एकच: "इतकी वर्षं कुठे होतात?" मग पाठोपाठ लग्न कुठे केलं, मुलांची सुन्नत झाली का, घरात काय शिजतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आपल्याकडे आपुलकी चौकशी करूनच दाखवतात. पण जो आधीच धास्तावून आलाय त्याला ती झडती वाटते आणि पुढच्या शब्बाथला (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) तो फिरकत नाही.

माझं मत आग्रहाचं आहे. पहिल्या दिवशी यातलं काहीच विचारू नये. हातात सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) द्यावं, पान काढून द्यावं, शेजारी बसवून घ्यावं. बाकीचं नंतर, आणि तेही त्याने स्वतः विषय काढला तर.

कुणी म्हणेल ही आजकालची सवलत आहे. तसं नाही. मिश्ना या आपल्या जुन्या नियमग्रंथात, बावा मेत्सिया या भागाच्या चौथ्या अध्यायात, स्पष्ट आहे की तेशुवा (पश्चात्ताप) करून परतलेल्याला "तुझी आधीची कृत्यं आठव" असं म्हणायचं नाही. हे वचन येतं कुठे, तर खरेदीविक्रीतल्या लबाडीच्या नियमांत. मापात मारणं जसा गुन्हा, तसंच शब्दाने मारणं. जर्मनीतल्या माइंझच्या धर्मगुरू रब्बेनू गेर्शोमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, बळजबरीने बाटलेल्या आणि परत आलेल्या ज्यूंना त्यांच्या गतकाळावरून टोचण्याला मनाई केली. १०९६च्या क्रूसेडमध्ये (ख्रिस्ती धर्मयुद्धात) ऱ्हाइनकाठच्या कितीतरी ज्यूंना तलवारीच्या धाकाने बाप्तिस्मा घ्यावा लागला. ते परतले तेव्हा त्यांना दूर ठेवू नका, हेच राशी या फ्रान्समधल्या भाष्यकाराचं सांगणं होतं.

आणि रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातला धर्मशास्त्री मैमोनिदेस. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतल्या अल्मोहाद या मुस्लिम घराण्याच्या राज्यात वरवर इस्लाम पत्करून घरात गुपचूप प्रार्थना करणाऱ्या ज्यूंबद्दल एका विद्वानाने लिहिलं की अशांच्या प्रार्थनेला फळ नाही, उलट त्यात आणखी पाप आहे. ते वाचून रामबाम संतापला. त्याच्या उत्तराच्या पत्रात तो त्या विद्वानाची एकेक ओळ खोडून काढतो आणि शेवटाकडे सांगतो की शब्बाथ मोडणाऱ्यालाही झिडकारू नये, जवळ घ्यावं, मित्स्वा (धर्माज्ञा) पाळायला उत्तेजन द्यावं. रामबामसारखा नियमांना काटेकोर माणूस हे म्हणतो, म्हणून मला त्याचं वजन जास्त वाटतं.

आता आपल्या घरचं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे कोकणात पिढ्यामागून पिढ्या गेल्या. हिब्रू गेली, पोथ्या नव्हत्याच, हनुक्काचा सण कुणाला ठाऊक नव्हता. राहिलं काय, तर शनिवारी तेलाचा घाणा बंद, आठव्या दिवशी सुन्नत, माशांतली निवड आणि "शेमा इस्राएल" ही एक प्रार्थना. जन्माला तेच, लग्नाला तेच, मरणाला तेच. दावीद राहाबी हा बाहेरचा ज्यू आला तेव्हा त्याने बायकांपुढे मासळी ठेवली, असं परंपरा सांगते. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीला तेवढ्यावर ओळख पटली. "तोरा (धर्मग्रंथ) का विसरलात?" असं त्याने विचारल्याचं कुठल्याही कथेत नाही. तो शिकवायला बसला. झिराड, राजपूरकर, शापूरकर या घरांकडे काजीपण, म्हणजे धर्मविधी चालवण्याचा मान, आलं ते त्यातूनच. पुढे कोचीनहून शिक्षक आणि हज्जान (प्रार्थना म्हणवणारे) आले. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग उभं केलं. १८४६ साली हग्गादा, म्हणजे पेसाहच्या सणाला वाचायची पोथी, मराठीत छापून निघाला.

म्हणजे आज जे हज्जानच्या मागोमाग बिनचूक म्हणतात, त्यांचे पूर्वज सगळे परत आलेलेच आहेत.

पण याच समाजाने गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद केला, हेही लिहायला हवं. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची आई आली असं मानलं गेलं, त्यांच्याशी गोऱ्यांनी सोयरीक केली नाही, आणि प्रार्थनेच्या जागीही त्यांना खालचा मान मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या. तो भेद आता गेला. पण अशा घरांतून किती माणसं कायमची गेली असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही.

तुमचे अनुभव लिहा. परतलेल्यांचे, परत यावंसं वाटणाऱ्यांचे, आणि नकोच वाटणाऱ्यांचेही.


वाचनवेडी

मी ज्यू नाही. अलिबागकडची असल्याने शनिवार तेली हा शब्द आजीकडून ऐकलेला. एक शंका आहे. ज्यू धर्म प्रसार करत नाही असं वाचलंय. मग हे "जवळ घेणं" म्हणजे नेमकं काय?


अष्टागर

वाचनवेडी, दुसऱ्या धर्मातल्या कुणाला ज्यू व्हा असं आम्ही सांगत नाही, आपणहून आलेल्यालाही आधी परावृत्तच करायची रीत आहे. हे चाललंय ते जन्माने ज्यू असून तुटलेल्यांबद्दल. ताल्मुद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथसंग्रहात, सनहेद्रीन ग्रंथात एक वचन आहे, त्याचा अर्थ असा की इस्राएलने पाप केलं तरी तो इस्राएलच राहतो. त्यामुळे परत येणाऱ्याला नव्याने प्रवेश द्यायचा नसतो, तो आतलाच असतो.


शब्बाथचा_दिवा

अष्टागरभाऊ, मनापासून लिहिलंत. तरी माझी काळजी वेगळी आहे, ती मांडते.

सगळ्या भारतात मिळून आपण पाचेक हजार उरलो. काही गावांत मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना मुकादमांच्या (समाजप्रमुखांच्या) नाकी नऊ येतात. अशा वेळी जे टिकून राहिले त्यांनी काय काय सोसलं ते कुणी विचारत नाही. शनिवारच्या परीक्षा सोडल्या, कामाच्या जागी बोलणी खाल्ली, प्रवासात डाळभातावर दिवस काढले. आणि कुणी वर्षानुवर्षं काही न पाळता आला की त्याला पुढची खुर्ची? पाळणाऱ्याच्या मनाला ते लागतं. शिवाय "चालतं हो" म्हणता म्हणता सगळंच चालायला लागलं, तर तो परत येणार कशात?


अष्टागर

ताई, तुमची तक्रार खरी आहे, ती बाजूला सारणार नाही. टिकून राहिलेल्यांची कदर व्हायलाच हवी आणि ती होत नाही.

पण किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, दुपारी आपण काय वाचतो? योनाचं पुस्तक. निनवेच्या लोकांना क्षमा मिळाली म्हणून रुसून बसलेला संदेष्टा. उपासाने सगळे थकलेले असताना, नेमक्या त्या वेळेला हे वाचन ठेवणाऱ्यांना पाळणाऱ्याच्या मनातला हा राग माहीत होता. पुस्तक योनाला अधार्मिक म्हणत नाही. देव त्याच्याशी वाद घालत बसतो, त्याला समजावतो. आणि पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर, योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

नियम सैल करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सिनेगॉगमधली प्रार्थना जशी आहे तशीच राहील. मी बोलतोय ते दारातल्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल.


अश्दोदकर

माझे आईवडील साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून बोटीने इथे इस्रायल देशात आले. १९६२ साली रब्बीमंडळाचा (इथल्या धर्मगुरूंच्या अधिकृत मंडळाचा) आदेश निघाला की बेने इस्राएलचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल तर आधी आईकडची वंशावळ तपासा. ज्यांनी कोकणात राहून शब्बाथ सोडला नव्हता त्यांना ज्यूंच्या देशात येऊन ज्यू असल्याचा दाखला मागितला गेला. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, बायकामुलांसकट. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. त्यानंतर रब्बीमंडळाने आदेशातून बेने इस्राएलचं नाव काढलं.

इतिहासात हे दोन ओळींत संपतं, घरात संपलं नाही. माझी आजी त्यानंतर सिनेगॉगमध्ये जाईना. शुक्रवारी दिवे लावायची, घरात सगळं पाळायची, पण "जिथे मला कागद विचारले तिथे मी जाणार नाही" एवढंच म्हणायची. ती धर्मापासून दूर गेली असं बाहेरून दिसायचं. खरं तर तिला दूर केलं गेलं होतं. दुरावलेले म्हणताना हा फरक नेहमी लक्षात घ्यावा.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी तिला कधी समजावलं नाही. तू बिश्वातच्या, म्हणजे झाडांच्या सणाच्या, वेळी त्या मलिद्याचं ताट आमच्याच घरी करायच्या. गोड पोहे, खोबरं, फळं, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं तिच्या हातून. "एलियाहू हन्नाबी" हे गीत आमच्या ओसरीत म्हटलं जायचं, त्याच चालीवर, मराठीत बोलत हसत. काही वर्षांनी आपल्या लोकांनी जवळच स्वतःचं सिनेगॉग काढलं, तेव्हा पहिल्या शब्बाथला ती आपणहून गेली.


निळीशाई

मी बहुधा "नकोच वाटणाऱ्यां"त मोडते, म्हणून लिहिते.

कोर्टातून घटस्फोट मिळाला, पण नवऱ्याने गेट दिला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवऱ्याने आपल्या हाताने गेट, म्हणजे सोडपत्र, दिल्याशिवाय धर्मशास्त्राप्रमाणे बायको मोकळी होत नाही, तिला पुन्हा लग्न करता येत नाही. तो परदेशी निघून गेला. इथल्या जाणत्या लोकांना मी भेटले. "थोडं सबुरीने घे" याखेरीज काही ऐकायला मिळालं नाही. आणि तोच माणूस सणाला इथे आला की त्याला तोरा वाचायला मानाने बोलावलं जायचं. ते मी बायकांच्या बाजूला बसून पाहिलं, मग जाणं सोडलं.

मला अधूनमधून प्रेमळ फोन येतात. "ये ना, सगळे तुझी आठवण काढतात." फोन करणाऱ्यांवर माझा राग नाही. पण माझं दुखणं तिथेच झालंय आणि ते तसंच उघडं ठेवून मला बोलावलं जातंय. दया नको. बाराव्या शतकात रब्बेनू ताम या धर्मशास्त्र्याने सांगून ठेवलंय की गेट अडवणाऱ्या नवऱ्याशी व्यवहार बंद करा, त्याला घरी बोलवू नका, मान देऊ नका. मला परत बोलवायचं असेल तर आधी तेवढं करा.


शब्बाथचा_दिवा

निळीशाई, तुम्ही वयाने लहान की मोठ्या माहीत नाही, ताई म्हणते. ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. नियम पाळण्याबद्दल मी वर एवढं बोलले, तर मग हा नियम सगळ्यात आधी पाळायला हवा होता. गेट अडवणाऱ्याला मान देणं हे काही धर्मपालन नव्हे. आमच्या मंडळींच्या बैठकीत हा विषय मी मांडणार आहे, तुमचा उल्लेख न करता. तुम्हाला चालणार असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.


हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इथे हा विषय रोजचा आहे. प्यू संस्थेच्या २०२० सालच्या पाहणीत विवाहित ज्यूंपैकी ४२ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नसलेले निघाले. २०१० नंतर लग्न केलेल्यांत हेच प्रमाण ६१ टक्के. "बाहेर लग्न केलं की नाव टाकलं" हे धोरण इथे चालवायचं म्हटलं तर अर्ध्याहून जास्त नवी कुटुंबं पुसावी लागतील.

एक सावधगिरी मात्र सुचवतो. धर्माकडे परतावं म्हणून बोलावणारी मंडळी मला इथे कॉलेजात भेटली. शुक्रवारचं जेवण, गाणी, खूप माया. काहींची माया खरी होती. त्या घरात मी काही पाळत नाही हे कळल्यावरही तशीच राहिली. काहींची मात्र मी त्यांच्यासारखा हॅट-कोट घालायला तयार होत नाही म्हटल्यावर आटली. स्वीकार केला म्हणायचं तर माणूस आहे तिथेच थांबला तरी तो स्वीकार टिकला पाहिजे.

फ्रान्झ रोझेनझ्वाइग या जर्मन तत्त्वज्ञाचं उदाहरण मला फार जवळचं आहे. १९१३ मध्ये तो ख्रिस्ती व्हायच्या बेतात होता. त्याआधी किप्पूरच्या प्रार्थनेला बर्लिनमध्ये जाऊन बसला आणि बेत रद्द झाला. १९२० मध्ये त्याने फ्रँकफुर्टला मोठ्या माणसांसाठी शाळा काढली, जिथे काहीच न येणारे ज्यू येऊन शिकत. तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या चामडी डब्या) बांधतोस का असं त्याला विचारलं तर त्याचं उत्तर असायचं, "अजून नाही." परतणाऱ्याला "अजून नाही" म्हणायची मुभा हवी, आणि ऐकणाऱ्याने ते ऐकून गप्प बसायला हवं.


मांडवी

गोव्याहून. इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं कॅथलिक न्यायालय, १५६० ते १८१२ होतं, मधला थोडा खंड सोडला तर. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, भारतातल्या औषधी वनस्पतींवर ज्याने ग्रंथ लिहिला, तो बाटवलेल्या ज्यू घरातला. तो गेल्यावर त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये जिवंत जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून काढून जाळली, कारण काय तर छुपा ज्यू.

त्याच पोर्तुगालात बेल्मोंत गावात १९१७ च्या सुमारास सॅम्युअल श्वार्त्झ नावाचा पोलिश खाण-अभियंता आला. तिथले काही लोक चारशे वर्षं गुपचूप ज्यू रीती पाळत होते. हा माणूस ज्यू आहे यावर त्यांचा विश्वास बसेना, कारण जगात आपल्याशिवाय ज्यू उरलेत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याने "शेमा" म्हटलं. त्यातलं "अदोनाय" (प्रभू) ऐकून एका म्हातारीने ओळखलं. तिथेही शेमाच, अष्टागर! १९९६ मध्ये त्या गावात सिनेगॉग उघडलं. पण सगळे त्यात आले नाहीत. काहींना आईकडून शिकलेल्या पोर्तुगीज प्रार्थना आणि बंद खोलीतला पेसाहच आपला वाटला. बाहेरून आलेल्या गुरूंनी "तुमचं चुकीचं, हे बरोबर" असा सूर लावला की जुनी माणसं मिटतात. जे त्यांनी जपलं त्याचा आधी मान करावा, असं मला वाटतं.


खाडीपलीकडे

इतक्या दिवसांत लिहायचं धाडस झालं नव्हतं. माझे बाबा बेने इस्राएल, आई मराठा. बाबा गेले. त्यांच्या पेटीत तल्लेथ (प्रार्थनेची शाल) आणि मराठी अर्थ छापलेलं जुनं प्रार्थनेचं पुस्तक मिळालं. मला ते वाचायचंय, समजून घ्यायचंय. एकदा चौकशी केली तर उत्तर आलं, "तुम्ही ज्यू नाहीच, परत येण्याचा प्रश्न कुठे?" मग मी कोण?


शब्बाथचा_दिवा

मुली, तुला खोटं सांगणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक सिनेगॉगमध्ये चालणाऱ्या शास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं, त्यामुळे तुझ्यासाठी पुढे धर्मप्रवेशाचा मार्ग आहे, तोही तुला हवा असेल तरच. अमेरिकेतल्या रिफॉर्म या सुधारक पंथाने १९८३ मध्ये वडील ज्यू असून ज्यू म्हणून वाढलेल्यांना मान्यता दिली, ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, ती मानत नाहीत.

पण "परत येण्याचा प्रश्न कुठे" हे उत्तर चुकीचं होतं. बेन-त्सियोन उझिएल हे १९३९ ते १९५३ सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या परंपरेच्या) ज्यूंचे मुख्य रब्बी होते. त्यांनी लिहून ठेवलंय की ज्यू बापाची मुलं इस्राएलच्या बीजाची आहेत, त्यांना दूर लोटलं तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. आपले लोक जे मानतात ते सेफार्दी वळणाचंच आहे, तेव्हा हे आपल्यालाही लागू. बाबांचं पुस्तक वाचायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. बाबांचं यार्सआईत, म्हणजे वर्षश्राद्ध, कधी येतं ते हिब्रू तिथीने काढून देईन. गेल्याची इंग्रजी तारीख कळव आणि सूर्यास्ताच्या आधी की नंतर तेही.


खाडीपलीकडे

रडले वाचून. तारीख निरोपात पाठवते. नव्याच्या सणाला (ज्यू नववर्षाला) सिनेगॉगमध्ये आले तर चालेल?


अष्टागर

नक्की या. फक्त माझं ऐकाल तर सणाच्या गर्दीआधी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी या. प्रार्थना लहान असते, माणसं मोजकी असतात, नंतर किद्दूशचा (शब्बाथच्या आशीर्वादाचा) पेला फिरतो आणि निवांत बोलता येतं.

यावरून सगळ्यांसाठीच चार गोष्टी लिहून ठेवतो. २००८ च्या हल्ल्यानंतर सिनेगॉगांच्या फाटकावर बंदोबस्त असतो, ओळखपत्र मागतात, नाव विचारतात. परत येणाऱ्याची अर्धी हिंमत तिथेच संपते. म्हणून येणाऱ्याने आधी कळवावं आणि आपल्यापैकी एकाने वेळेआधी फाटकाबाहेर उभं राहावं, आत राहून वाट पाहू नये. हिब्रू वाचता न येणाऱ्याला लगेच तोरासमोर बोलावून सगळ्यांदेखत अडखळायला लावू नये. हेखाल (तोरा ठेवायचं कपाट) उघडायचा मान द्यावा, त्यात काही वाचावं लागत नाही. आशीर्वचनं देवनागरीत मोठ्या अक्षरात छापलेला कागद गब्बायकडे (सिनेगॉगची व्यवस्था पाहणाऱ्याकडे) तयार असावा, आमच्याकडे आहे, मागाल त्याला पाठवतो. कोण आलं होतं हे समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटोसकट टाकू नये. आणि किप्पूरच्या रात्री कोल निद्रे या प्रार्थनेच्या आधी पुष्कळ ठिकाणी जे म्हटलं जातं, की वरच्या आणि खालच्या न्यायसभेच्या संमतीने आम्ही अपराध्यांसोबत प्रार्थना करतो, त्याचा मराठी अर्थ तेव्हाच मोठ्याने वाचावा. मागच्या बाकावर बसलेल्यालाही तो कळला पाहिजे, आणि पुढच्यालाही.

निळीशाई, तुम्ही लिहिलंत त्यावर आमच्या मुकादमांशी बोललो. गेट अडवून ठेवणाऱ्याला तोरासाठी बोलावायचं नाही, असा ठराव पुढच्या सभेत येतोय. मंजूर झाला की इथेच कळवतो. नाही झाला तरी कळवतो, आणि मग पुन्हा मांडतो.

खाडीपलीकडे, तुम्ही कुठल्या बाजूला राहता ते निरोपात सांगा. माझी बायको फाटकापाशी थांबेल.